उंबऱ्याबाहेरची तार

वरंध घाटाचे डोंगर जेथे उतरत उतरत सावित्रीच्या खोऱ्याला भिडतात तेथील कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर ही गावे महाराष्ट्राला ठाऊक आहेत ती मुख्यतः समर्थांच्या घळीमुळे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० साली या घळीचा शोध लावला आणि दासबोधाचे लेखन जेथे झाले असे परंपरा मानते ते स्थळ पुनश्च लोकांच्या नजरेस आणले. आज आषाढ-श्रावणात घळीच्या तोंडावरून कोसळणारा धबधबा पाहण्यासाठी पुण्या-मुंबईकडून येणाऱ्यांची तेथे रीघ लागते. पाहुणा एका दिवसात तो पाऊस डोळ्यांत साठवून परत जातो. परंतु महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत ज्यांची घरे आहेत त्यांना हा पाऊस चार महिने भिंतींतून, पत्र्यांतून, दारांच्या चौकटींतून आणि, ज्याचा विचार सहसा कोणी करीत नाही त्या, विजेच्या तारांतून सोसावा लागतो. सालिना तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या मुलखात घराच्या आतील वायरिंग कसेबसे निभावते. उंबऱ्याबाहेर पडलेल्या तारेची मात्र खरी परीक्षा होते.

आणि ही तार बाहेर पडल्यावाचून राहत नाही. कोकणातील घर चार भिंतींत कधीच संपत नसते. पुढे अंगण, मागे परस, बाजूला गोठा, त्याच्या पलीकडे न्हाणीघर, उताराला विहीर आणि विहिरीवर मोटर, असा त्याचा विस्तार असतो. आणि या प्रत्येक ठिकाणी एखादा तरी दिवा हवाच असतो. घर बांधताना आतील वायरिंगचा नकाशा होतो, बोर्डांच्या जागा ठरतात, क्वचित वादही होतात. गोठ्याच्या दिव्याची तजवीज मात्र सर्व काम उरकल्यावर उरलेल्या भेंडोळ्यातून होते. जी वायर भिंतीतील पाइपात वीस-पंचवीस वर्षे सुखाने नांदली असती तीच उघड्यावर, वळचणीखालून, आंब्याच्या फांदीला गुंडाळून, पत्र्याच्या कडेवरून गोठ्यापर्यंत नेली जाते. आत जी गोष्ट निर्धोक असते ती बाहेर तशी नसते, एवढे साधे तत्त्वही आपण लक्षात घेत नाही, कारण पहिल्या दिवशी दिवा दोन्हीकडे सारखाच लागतो.

बाहेरच्या तारेचा शत्रू कोण, असे विचारल्यास दहांतील नऊ माणसे पाऊस असे उत्तर देतील. ते अर्धेच खरे आहे. पाऊस शेवटचा घाव घालतो. तत्पूर्वीची तयारी आठ महिने ऊन करीत असते. आपल्या साध्या वायरवरचे आवरण पीव्हीसीचे असते. त्यास लवचीकपणा देणारी द्रव्ये उन्हातील अतिनील किरणांनी आणि उष्णतेने हळूहळू नाहीशी होतात, लाल रंग विटून गुलाबी होतो, पिवळा पांढुरका पडतो, आणि दोन-तीन उन्हाळ्यांनंतर ती वायर बोटाने वाकविली असता आवरणावर केसाएवढ्या चिरा दिसू लागतात. ज्येष्ठातील पहिला पाऊस त्या चिरांतून आत शिरतो. म्हणून बाहेर वापरावयाच्या केबलचे वरचे आवरण काळे असते. त्या काळेपणास कारण असलेली काजळीची सूक्ष्म भुकटी अतिनील किरण स्वतः शोषून घेते आणि आवरणाचे रक्षण करते. रंगीत, चकचकीत वायर पाइपाच्या आत शोभते; उन्हात काळ्या आवरणाला पर्याय नाही.

येथे दुकानातील एका गैरसमजाचाही खुलासा करून टाकावा. वेष्टनावर ‘एफआर’ किंवा ‘एफआरएलएस’ ही अक्षरे पाहून गिऱ्हाईक ती वायर सर्वगुणसंपन्न समजते आणि बाहेरही निःशंक वापरते. त्या अक्षरांचा अर्थ इतकाच की ती वायर आग पसरू देत नाही, आणि दुसऱ्या प्रकारात धूरही कमी होतो. ऊन आणि पाणी यांचा त्या अक्षरांशी काडीचाही संबंध नाही.

मग घ्यावे काय? घरगुती कामापुरते तीन प्रकार ध्यानात ठेवले तरी पुरे. पहिला, एकेरी वायर: ही पाइपावाचून कधीही बाहेर काढू नये. दुसरा, दोन किंवा तीन तारा एका जाड, गोल, काळ्या आवरणात गुंफलेली केबल: वळचणीखालून, भिंतीच्या आधाराने, जेथे फावडे-कोयत्याचा धक्का लागण्याचे भय नाही अशा जागी ही चालते. तिसरा, आर्मर्ड केबल, जिच्या आवरणाखाली जस्त चढविलेल्या पोलादी तारांचे किंवा पट्ट्यांचे वेष्टन असते: जमिनीतून, शेताच्या बांधावरून, गुरांच्या वहिवाटीतून जावयाचे असेल तर हिला पर्याय नाही. आतील निरोधक पीव्हीसीचे असेल तर तारेने सत्तर अंशांपर्यंतचे तापमान सोसावे अशी अपेक्षा असते, एक्सएलपीईचे असेल तर नव्वद अंशांपर्यंत. दर थोडा अधिक पडला तरी दुसरे घेणे शहाणपणाचे. कोणतीही केबल घेताना तिच्या अंगावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, मानकाचा क्रमांक, ११०० व्होल्ट हा दाब आणि तारेचा आकार छापलेला आहे की नाही हे भिंगाने पाहावे लागले तरी पाहावे. साध्या पीव्हीसी वायरला ६९४, पीव्हीसीच्या जड केबलला १५५४ आणि एक्सएलपीईला ७०९८ हे मानकाचे क्रमांक आहेत. छापील काही नसेल तर दुकानदाराच्या शब्दावर भिस्त ठेवू नये.

तारेच्या जाडीचा प्रश्न विहिरीपाशी सर्वाधिक नडतो. समजा घरापासून विहीर साठ मीटर खाली आहे आणि तीवर एक अश्वशक्तीची, सिंगल फेजवर चालणारी मोटर आहे. वीज जाते आणि परत येते, म्हणजे तारेची खरी लांबी एकशे वीस मीटर. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरमागे सुमारे तेरा ओहम, अडीचचा सुमारे आठ, चारचा सुमारे पाच. चालू असताना ही मोटर सात अँपिअर घेते असे धरले तर दीडच्या तारेत सुमारे अकरा व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात, आणि हे एक वेळ खपून जाते. पण सुरू होण्याच्या क्षणी मोटर पाचपट प्रवाह मागते, तेव्हा ढोबळ हिशेबाने पन्नासहून अधिक व्होल्ट वाटेत गळतात. संध्याकाळी गावात आधीच दाब दोनशेच्या खाली आलेला असला म्हणजे मोटर नुसती घुमते, फिरत नाही, आणि मालक मोटरला दोष देतो. वस्तुतः कसूर तारेची असते. तेथे अडीचची किमान आणि चारची योग्य, असा निवाडा कोणताही जाणता वायरमन हिशेब न मांडताही देईल. ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, परंतु तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपटीहून अधिक असल्याने ती जाड घ्यावी लागते. शिवाय तांबे आणि ॲल्युमिनियम ओल्या हवेत एकमेकांना थेट जोडले की सांधा कुजतो. सबमर्सिबल मोटर असेल तर ती दोराने टांगावी, केबलने कदापि नाही. ही सूचना हास्यास्पद वाटेल, पण ज्यांनी विहिरीत मोटरी सोडलेल्या पाहिल्या आहेत त्यांना वाटणार नाही.

इतका खर्च करून, उत्तम केबल आणून, ती नीट पुरूनही बाहेरचे वायरिंग तीन-चार पावसाळ्यांत बिघडते ते का, हा माझ्या मते या विषयातील खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर असे की केबल मध्ये बिघडत नाही, टोकांशी बिघडते. आपण पैसे मधल्या लांबीवर खर्च करतो आणि तोंडे उघडी टाकतो. बारीक तारांच्या जुडीने बनलेल्या तारेचे टोक जर ओल्या जागी उघडे राहिले तर वातीने तेल ओढून घ्यावे तसे ती तार पाणी आत ओढून घेते, आणि ते पाणी आवरणाखालून हातभर, कधी त्याहूनही दूर जाते. बाहेरून केबल कोरडी ठणठणीत दिसते. कापून पाहावे तो आत तांबे काळेहिरवे पडलेले. वळचणीखालचा सांधा हा याचा नमुना होय. वायरमनने घाईत तारा पिळून त्यांवर काळी टेप गुंडाळलेली असते. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या धगीने टेपेचा चिकट पदार्थ वितळून ती सैल होते, तिच्या पदरात धूळ आणि कोळ्याचे जाळे साठते, आणि आषाढात पागोळीचे पाणी त्याच पदरात थेंबथेंब मुरू लागते. शक्य तेथे बाहेर सांधाच करू नये. करणे भाग असेल तर तो रबरी गॅसकेट असलेल्या बंद पेटीत करावा आणि केबलने पेटीत शिरावे ते खालच्या बाजूने. वरून शिरलेली केबल म्हणजे पावसाला दिलेले निमंत्रणच.

आर्मर्ड केबलला पेटीच्या तोंडाशी पितळेची ग्लँड बसवावी लागते, आणि नेमके हेच काम टाळले जाते. नीट करणारा कारागीर कसे करतो ते पाहण्याजोगे असते. तो वरचे काळे आवरण बेताने कापून काढतो, उघड्या पडलेल्या पोलादी तारा एकेक करून बाहेर फाकवितो, त्या ग्लँडच्या शंकूवर चहूबाजूंनी सारख्या पसरतो, मग मागली चकती पुढे ढकलून पान्याने आवळतो, आणि हिसका देऊन पाहतो. केबल तसूभरही हलत नाही. या जोडणीने दोन कामे साधतात: पेटीत पाणी जात नाही, आणि पोलादी वेष्टन अर्थिंगशी पक्के जोडले जाते. ग्लँड न लावता छिद्रातून नुसतीच ओढून घेतलेली आर्मर्ड केबल घरमालकाला सुरक्षिततेचा आभास तेवढा देते.

भिंतीतून केबल आत घेताना दोन गोष्टींची खबरदारी घ्यावी. भिंतीचे छिद्र बाहेरच्या बाजूस उतरते असावे. आणि आत शिरण्यापूर्वी केबलला खाली झोल द्यावा, म्हणजे तिच्या अंगावरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकून जाईल आणि घरात येणार नाही. यास पैसा लागत नाही, हातभर केबल अधिक लागते इतकेच. पाइपाच्या बाबतीतही असेच. पाइप कितीही चिकटवून बंद केला तरी आतील दमट हवा रात्री गारठून तिचे पाणी होणारच. त्या पाण्याला वाट म्हणून पाइपाला उतार असावा आणि सर्वात खालच्या जागी लहानसे छिद्र ठेवावे.

जमिनीखालून न्यावयाची तर खोली किती, याबाबत केबल टाकण्याविषयीचे भारतीय मानक १२५५ कमी दाबाच्या केबलसाठी पाऊण मीटरची शिफारस करते. खाली वाळूचा थर, वर पुन्हा वाळू, त्यावर विटा, म्हणजे उद्या कोणी खणू लागला तर कुदळ आधी विटेवर आपटेल. शिवथरच्या बाजूस मात्र पहारीला पुष्कळदा हातभर खालीच कातळ लागतो. तेथे मानकाशी हुज्जत न घालता केबल जाड काळ्या एचडीपीई पाइपातून किंवा जीआय पाइपातून न्यावी आणि वर काँक्रीटचा थर द्यावा. घूस आणि वाळवी या दोघींचाही हिशेब धरावा लागतो. घुशीचे दात पीव्हीसीला जुमानत नाहीत, आणि वाळवी लाकडाच्या शोधात आवरणही पोखरते. पोलादी वेष्टनाचा खर्च या दोघींच्या नावे टाकावा. केबल कोठून गेली आहे याचा साधा हातनकाशा काढून तो सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत दप्तरात ठेवण्याची चाल पडली तर पुढच्या पिढीचे आशीर्वाद मिळतील.

आता ज्या बाबतीत हयगय झाली असता पैसा नव्हे तर माणूस जातो तिकडे वळतो. गोठ्यातल्या किंवा विहिरीवरच्या धातूच्या वस्तूस अर्थिंग केले की काम झाले, असा समज सार्वत्रिक आहे. तो किती फसवा आहे हे आकड्यांनी पाहावे. खड्ड्यात कोळसा-मीठ घालून केलेल्या अर्थिंगचा रोध वैशाखात, जमीन तळापर्यंत वाळलेली असताना, वीस ओहम असणे मुळीच असंभवनीय नाही. मोटरच्या आत तार सुटून तिच्या लोखंडी अंगाला फेज लागला, तर २३० व्होल्ट भागिले वीस, म्हणजे साडेअकरा अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. मोटरच्या मार्गावर सोळा अँपिअरचा एमसीबी, म्हणजे प्रवाह हद्दीबाहेर गेला की आपोआप पडणारा खटका, आहे. साडेअकरा अँपिअर त्याच्या हद्दीत बसतात; तो पडणार नाही. मोटर तशीच जिवंत विजेने भारलेली उभी राहील, आणि ओल्या पायांनी तिला हात लावणारा पहिला माणूस ते सत्य शोधून काढील.

यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे ज्याला आमच्याकडचे वायरमन ईएलसीबी आणि दुकानदार आरसीसीबी म्हणतात ते उपकरण. फेजवरून गेलेला प्रवाह न्यूट्रलवरून तितकाच परत आला की नाही हे ते अखंड तोलून पाहते. वाटेत तीस मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरच्या शंभर भागांतील तीन भाग, जरी जमिनीकडे वळले तरी सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी वेळात ते वीज तोडते. वरच्या उदाहरणात साडेअकरा अँपिअरची गळती होती; तीस मिलिअँपिअरच्या ती जवळजवळ चारशेपट आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० सालच्या सुरक्षा-विनियमांत, आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ सालच्या विनियमांतही, भूगळतीपासून संरक्षणाची तरतूद केलेली आहे; परंतु कायद्याचा अंमल आपल्या गोठ्यापर्यंत पोचण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

हे उपकरण बसविलेल्या घरांतही एक विचित्र प्रकार घडतो. श्रावणात ते वारंवार पडू लागते, घरभर अंधार होतो, म्हातारी माणसे त्रासतात, आणि शेवटी कोणीतरी वायरमन बोलावून ते ‘बायपास’ करून घेतो. म्हणजे चोर आल्याचे ओरडून सांगणाऱ्या राखणदारालाच घरातून काढून दिले! पावसाळ्यात ते पडते याचा अर्थ बाहेरच्या वायरिंगमध्ये कोठेतरी ओल शिरली आहे आणि गळती सुरू झाली आहे. तक्रार खरी आहे, तक्रारदार खोटा नाही. बाहेरचे दिवे, गोठा, मोटर यांचा मार्ग घरातील मार्गापासून वेगळा करून त्यास स्वतंत्र आरसीसीबी लावावे. मग गोठ्यातील ओलीपायी स्वयंपाकघरात अंधार होणार नाही, आणि बायपासचा मोहही होणार नाही. माझ्या दृष्टीने बाहेरच्या वायरिंगमधील सर्वात शहाणा खर्च हाच. केबल मध्यम प्रतीची घेऊन हे घेतले तरी चालेल, उलट नाही.

दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत एकाच तऱ्हेची बातमी येते: कपडे वाळत घालताना विजेचा धक्का. बारकाईने पाहिले तर कारणांची साखळी नेहमी तीच. पत्र्याच्या कडेवरून गेलेली, उन्हाने तडकलेली वायर. वाऱ्याने घासून तिचे उघडे पडलेले तांबे. त्यामुळे भारलेला पत्रा. पत्र्याला टेकलेला लोखंडी खांब. खांबाला बांधलेली वाळणीची तार. आणि त्या तारेवर ओले लुगडे टाकणारी, चिखलात अनवाणी उभी असलेली घरची बाई. वाळणीसाठी धातूची तार वापरूच नये, सुताची वा नायलॉनची दोरी वापरावी. आणि विजेची वायर पत्र्याला स्पर्श करीत असेल तर ती आज हलवावी.

गौरी-गणपतीला चाकरमानी मुंबईहून येतात ते रोषणाईच्या माळा घेऊन. भाद्रपद हा भर पावसाचा महिना, आणि या माळा बहुधा घरात, कोरड्या भिंतीवर लावण्यासाठी केलेल्या असतात. अंगणातल्या मांडवावर त्या चढतात, त्यांचा पिन एखाद्या एक्स्टेंशन बोर्डात जातो, आणि तो बोर्ड ओल्या शेणसारवणावर पडून राहतो. उघड्यावर लावावयाच्या दिव्यावर व बोर्डावर ‘आयपी’ ही अक्षरे आणि दोन अंक असतात. त्यांतील दुसरा अंक पाण्याविषयीचा. चार म्हणजे चहूकडून उडणारे शिंतोडे सोसेल, पाच म्हणजे पाण्याचा फवारा. बुडविले तरी निभावेल असे हवे तर सात. मांडवाला चारहून कमी चालणार नाही, आणि बोर्ड कोणत्याही अंकाचा असो, तो जमिनीवर न ठेवता कमरेच्या वर टांगावा. रानडुकरांपासून नाचणी वाचविण्यासाठी कुंपणात घरची वीज सोडणाऱ्यांविषयी येथे लिहिण्यासारखे काही नाही. तो वायरिंगचा विषय नव्हे, फौजदारीचा आहे.

२२ जुलै २०२१ रोजी महाड शहरात शिरलेले पुराचे पाणी ज्यांनी पाहिले त्यांना मीटर आणि बोर्ड किती उंचीवर असावेत हे सांगावे लागत नाही. पूर ओसरल्यावर घर कोरडे दिसले म्हणून वीज सुरू करण्याची घाई मात्र अनेकांकडून होते. पाइपांत गाळ असतो, सांध्यांत पाणी असते. बुडालेले स्विच आणि एमसीबी बदलावे, तारा वाळू द्याव्या, आणि मग वायरमनकडून मेगरने, म्हणजे निरोधकाचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने, पाचशे व्होल्टांवर तपासणी करून घ्यावी. तारा आणि जमीन यांच्यातील रोध एक मेगओहमहून कमी भरला तर तो मार्ग जोडू नये. नदीकाठच्या घरांनी तळमजला व वरचा मजला यांचे मार्ग आरंभापासूनच निरनिराळे ठेवावेत, म्हणजे पाणी चढू लागताच खालचा तोडून वरचा दिवा चालू ठेवता येतो.

मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणाची, त्यापुढची आपली. आणि ती परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून पार पाडून घ्यावी असा नियम आहे. घरावरील सर्व्हिस वायर लोंबली वा खांबावरील तार तुटली तर स्वतः काठीने सारण्याचा पराक्रम न करता १९१२ या क्रमांकावर वर्दी द्यावी. बाकी आपल्या हातचे काम. मृगापूर्वी घराची शाकारणी करताना एकदा आरसीसीबीवरचे ‘टी’ अक्षराचे लहानसे बटण दाबून पाहावे: खटका तत्क्षणी पडला पाहिजे. न पडल्यास त्याच दिवशी वायरमनला निरोप धाडावा, आणि तो येईपर्यंत बाहेरची वीज बंद ठेवावी.